मोठ्या टेनिस स्पर्धेच्या पहिल्या फेऱ्या: सोलापुरातून बघणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजापूर रोडवरच्या आमच्या घरी वर्षातून चार वेळा टेनिसचा पंधरवडा असतो. फायनलला अख्खा मजला हॉलमध्ये जमतो, बसायला सतरंजी घालावी लागते. पहिल्या फेरीला मात्र बरीच वर्षं मी, माझी मुलगी आणि शेजारच्या काकू, इतकेच असायचो. आता पहिल्या आठवड्यालाही माणसं येऊ लागली आहेत आणि दर खेपेला तेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते. मला स्वतःला स्पर्धेचे पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जवळचे वाटतात, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

मोठी स्पर्धा म्हणजे कोणती? आणि पहिल्या फेऱ्या म्हणजे किती?

ऑस्ट्रेलियन ओपन, फ्रेंच ओपन, विंबल्डन आणि यूएस ओपन, या चार ग्रँड स्लॅम स्पर्धा. प्रत्येकीत पुरुष एकेरीत १२८ आणि महिला एकेरीत १२८ खेळाडू असतात. जिंकायला सात सामने सलग जिंकावे लागतात. एकदा हरला की घरी.

हिशेब करून बघा. पहिल्या फेरीत ६४ सामने, दुसऱ्या फेरीत ३२, तिसऱ्या फेरीत १६. झाले ११२. संपूर्ण एकेरीचे सामने १२७. म्हणजे चौथ्या फेरीपासून टीव्ही लावणाऱ्याच्या वाट्याला १२७ पैकी १५च सामने येतात. मी पहिल्या फेऱ्या म्हणते त्या या तीन.

आपल्या घड्याळाप्रमाणे सामने कधी असतात?

ऑस्ट्रेलियन ओपन जानेवारीच्या मध्याला सुरू होते, म्हणजे ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. मेलबर्नला सकाळी ११ वाजता खेळ सुरू होतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. थंडीत रजई घेऊन बसायचं आणि दुपारनंतर होम मैदानाकडे निघायचं, हा आमचा दरवर्षीचा रिवाज.

फ्रेंच ओपन मे महिन्याच्या शेवटी. पॅरिसचे सामने आपल्याकडे दुपारी अडीचला सुरू होतात. त्या वेळी सोलापुरात पारा ४३-४४ ला टेकलेला असतो, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. टेनिस बघायला यापेक्षा चांगली वेळ मला माहीत नाही.

विंबल्डन जूनअखेर ते जुलै. बाहेरच्या कोर्टांवर दुपारी साडेतीनला, सेंटर कोर्टवर संध्याकाळी सहाला. नोकरदारांसाठी हीच सोयीची. काही वर्षी याच दिवसांत पालख्या आपल्या जिल्ह्यात आलेल्या असतात. ज्यांच्याकडे वारकऱ्यांचा मुक्काम असतो त्यांनी आधी ते बघावं, टेनिस पुढच्या वर्षीही आहे.

यूएस ओपन ऑगस्टच्या शेवटी. दिवसाचे सामने आपल्याकडे रात्री साडेआठला आणि तिथल्या रात्रीचे पहाटे साडेचारला. कोणत्या चॅनेलवर किंवा अॅपवर, हे विचारू नका, कारण हक्क बदलत असतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी शोधून घ्या.

फायनल बघितली की पुरे, पहिली फेरी कशाला बघायची?

आपल्याकडच्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान आठवा. दुपारी तीनला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, मग नारळावरच्या, मग शंभर-दोनशेच्या, आणि दिवस मावळताना मानाची कुस्ती. जाणता शौकीन दुपारपासूनच येऊन बसतो. उद्याचा पैलवान कोण, हे त्याला रेवड्यांच्या वेळीच कळतं.

टेनिसची गोष्ट याहून कठीण आहे. इथे मानाच्या पैलवानालाही पहिल्या कुस्तीपासूनच आखाड्यात उतरावं लागतं, आणि समोर कोण येईल ते चिठ्ठ्या ठरवतात. जगातला पहिला आणि जगातला शंभरावा एकाच मातीत उभे राहतात. शंभराव्याजवळ गमावण्यासारखं फार नसतं. तो त्या एका दुपारसाठी वर्षभर विमानतळांवर झोपलेला असतो. अशा दोन माणसांमधला पहिला सेट, म्हणजे सामन्याचा पहिला डाव, बघताना माझ्या पोटात जो गोळा येतो तो कुठल्याच फायनलला येत नाही.

मानांकन म्हणजे काय? क्रमवारी आणि मानांकन एकच का?

जवळपास एकच, पण नाही. क्रमवारी म्हणजे मागच्या ५२ आठवड्यांतल्या गुणांवरून लागणारा नंबर. मानांकन त्या एका स्पर्धेपुरतं. क्रमवारीत वरच्या, आणि हजर असलेल्या, ३२ जणांना मानांकन मिळतं आणि ड्रॉमध्ये, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी ते दाखवणाऱ्या तक्त्यात, त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतात. पहिला एका अर्ध्या भागात, दुसरा दुसऱ्या. दोन मानांकितांची गाठ तिसऱ्या फेरीआधी पडत नाही. २००१ च्या विंबल्डनआधी मानांकित सोळाच असायचे, तेव्हा मोठ्या माणसांना सुरुवातीलाच जास्त धोका होता.

मानांकन नसलं तर काय होतं, हे २०२४ च्या फ्रेंच ओपनने दाखवलं. राफाएल नदालने ती स्पर्धा १४ वेळा जिंकली होती. पण दुखापतींमुळे क्रमवारीत खूप खाली गेल्याने त्याला मानांकन नव्हतं. त्याचं नाव बाकीच्यांसारखं चिठ्ठीत गेलं आणि पहिल्याच फेरीत समोर आला चौथा मानांकित अलेक्झांडर झ्वेरेव्ह. नदाल सरळ तीन सेटमध्ये हरला. पॅरिसमध्ये पहिल्या फेरीत हरण्याची त्याची ती पहिलीच वेळ, आणि तिथला एकेरीचा शेवटचा फ्रेंच ओपन सामनाही तोच. आमच्याकडे त्या संध्याकाळी चहा गार झाला, कोणी उचलला नाही.

क्वालिफायर, वाइल्ड कार्ड, लकी लूझर ही काय भानगड आहे?

१२८ जागांपैकी १०४ च्या आसपास जागा क्रमवारीवर थेट भरतात. आठ वाइल्ड कार्ड असतात. आयोजक ती आपल्या देशातल्या उमेदीच्या पोरांना किंवा परतणाऱ्या जुन्या खेळाडूंना देतात. उरलेल्या १६ जागांसाठी आदल्या आठवड्यात पात्रता फेरी होते. तिथेही १२८ जण असतात आणि तीन सामने जिंकावे लागतात. त्यातून वर येणारे ते क्वालिफायर. विंबल्डनची पात्रता फेरी मुख्य मैदानावर होतच नाही, ती रोहॅम्प्टन नावाच्या वेगळ्या ठिकाणी होते. म्हणजे गावात यायचं, पण वेशीच्या आत पाऊल टाकायला आधी तीन कुस्त्या मारायच्या.

पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरलेल्यांपैकी काहींना नशीब हात देतं. मुख्य स्पर्धेतला कोणी ऐनवेळी दुखापतीमुळे बाहेर पडला तर त्याची जागा यांना मिळते. म्हणून लकी लूझर. हे खेळाडू सकाळी येऊन नाव नोंदवतात आणि रॅकेट घेऊन वाट बघत बसतात. बोलावणं आलं तर थेट कोर्टवर.

या तिन्ही दारांतून आलेल्यांनी इतिहास केला आहे. २००१ च्या विंबल्डनला गोरान इव्हानिसेविच १२५ व्या क्रमांकावर होता, आधीच्या तीन फायनल हरलेला होता, वाइल्ड कार्डवर आला आणि चषक घेऊन गेला. २०२१ च्या यूएस ओपनला १८ वर्षांची एमा राडुकानू पात्रता फेरीतून आली, तीन अधिक सात असे दहा सामने खेळली आणि एकही सेट न गमावता जिंकली. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी ती पहिलीच. आणि २००२ च्या विंबल्डनला दुसऱ्या फेरीत सात वेळच्या विजेत्या पीट सॅम्प्रसला हरवणारा स्वित्झर्लंडचा जॉर्ज बास्टल लकी लूझर होता, क्रमांक १४५. पाच सेट चालला तो सामना. सेंटर कोर्ट नव्हे, कोर्ट नंबर दोनवर. मध्यंतरात बायकोचं पत्र काढून वाचणारा सॅम्प्रस ज्यांनी बघितला ते विसरणार नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅम्प्रसने यूएस ओपन जिंकली, आणि ती त्याची शेवटची स्पर्धा ठरली.

मोठे खेळाडू सुरुवातीलाच का गारद होतात?

कारणं बरीच आहेत, पण मला पटलेली सांगते.

एक म्हणजे मैदान. विंबल्डनचं गवत पहिल्या दोन-तीन दिवसांत हिरवंगार, ओलसर असतं. राई जातीचं गवत आठ मिलिमीटरवर कापलेलं. त्यावर पाय सरकतो. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनजवळचं, म्हणजे मागच्या रेषेजवळचं, गवत झिजून माती दिसायला लागते, तेव्हा पकड वेगळी असते. २०२१ मध्ये सेरेना विल्यम्स पहिल्याच फेरीत सेंटर कोर्टवर घसरली आणि रडत बाहेर गेली. त्याच दिवशी त्याच कोर्टवर फेडररविरुद्ध खेळणारा माननारिनो घसरून गुडघा धरून बसला.

दुसरं, तयारी. फ्रेंच ओपनच्या लाल मातीतून गवतावर यायला मधे तीनच आठवडे मिळतात, आणि २०१४ पर्यंत तर दोनच मिळायचे. पॅरिसमध्ये शेवटपर्यंत खेळलेला माणूस गवतावर पुरेसा सराव न करता उतरतो. त्याउलट पात्रता फेरीतून आलेला तीन सामने गवतावरच खेळून आलेला असतो. त्याचं शरीर तापलेलं असतं.

तिसरं, अनोळखी खेळ. २००३ च्या विंबल्डनला गतविजेता आणि पहिला मानांकित लेटन ह्युइट पहिल्या फेरीत इव्हो कार्लोविचसमोर आला. कार्लोविच क्वालिफायर, उंची जवळपास सात फूट. पहिला सेट ह्युइटने ६-१ असा घेतला. मग कार्लोविचचा हात सुटला, सर्व्हिस झाडावरून नारळ पडावा तशी वरून यायला लागली आणि पुढचे तिन्ही सेट त्याने घेतले. ह्युइटने अशी सर्व्हिस आधी कुठे बघितली असणार?

आणि २०१३ चं विंबल्डन. सोमवारी नदाल पहिल्या फेरीत बेल्जियमच्या स्टीव्ह डार्सिसकडून सरळ सेटमध्ये हरला. डार्सिसचा क्रमांक होता १३५. बुधवारी दुसऱ्या फेरीत फेडरर ११६ व्या क्रमांकाच्या सर्गेई स्ताखोव्हस्कीकडून हरला. फेडररने त्याआधी सलग ३६ ग्रँड स्लॅममध्ये निदान उपांत्यपूर्व फेरी गाठली होती, नऊ वर्षं. स्ताखोव्हस्कीने जुन्या पद्धतीने सर्व्हिस करून जाळीकडे धाव घेतली, पुन्हा पुन्हा. त्याच दिवशी शारापोवाही गेली. मी तेव्हा नोकरीवरून घरी येऊन स्कोअर बघायचे आणि टीव्ही बिघडला की काय वाटायचं.

विंबल्डनलाच महिलांमध्ये १९९४ ला गतविजेती स्टेफी ग्राफ पहिल्या फेरीत लॉरी मॅकनीलकडून हरली. १९९९ ला अव्वल मानांकित मार्टिना हिंगिसला १६ वर्षांच्या येलेना डोकिचने ६-२, ६-० असं घालवलं, आणि डोकिच पात्रता फेरीतून आली होती. २०२४ ला गतविजेती मार्केटा वोंड्रोसोवाही पहिल्याच फेरीत बाहेर पडली.

एवढ्या मोठ्याला हरवणारा पुढच्याच फेरीत का हरतो?

नेहमी हरतो असं नाही. मॅकनील त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेली, डोकिच उपांत्यपूर्वपर्यंत. पण डार्सिसचा खांदा दुखावला आणि तो दुसरा सामना खेळूच शकला नाही. स्ताखोव्हस्की आणि बास्टल पुढच्याच फेरीत हरले.

मला वाटतं, असा विजय शरीराला आणि मनाला एकदम रिकामं करतो. एका रात्रीत शंभर फोन येतात, पत्रकार रांग लावतात, झोप लागत नाही. आणि दोन दिवसांनी पुन्हा उतरायचं, तेही अशा माणसासमोर ज्याने शांतपणे विश्रांती घेतली आहे. मोठे खेळाडू मोठे असतात ते यासाठी, की हा सगळा गोंधळ त्यांना रोजचा झालेला असतो.

पहिल्या फेरीत हरलेल्याला काही मिळतं का?

मिळतं, आणि तेच त्याचं वर्ष चालवतं.

२०२५ च्या विंबल्डनमध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ६६,००० पौंड होते, आपले पाऊण कोटीच्या आसपास. यूएस ओपनमध्ये १,१०,००० डॉलर. रक्कम डोळ्यांत भरते, पण त्यातून कर जातो, प्रशिक्षकाचा पगार, फिजिओ, वर्षभराची विमानं, हॉटेलं. शंभराच्या आसपासच्या खेळाडूची सगळी मदार चार ग्रँड स्लॅमच्या पहिल्या फेरीवर असते. रँकिंगचे गुण मात्र दहाच.

लहान स्पर्धांची गोष्ट वेगळीच. आपल्या सोलापुरातही आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, महिलांच्या स्पर्धा झाल्या आहेत. परदेशी मुली येतात, इथल्या हवेत खेळतात, आणि पहिल्या फेरीत हरणारीच्या हाती काहीशे डॉलर पडतात. विमानाचं तिकीटही त्यातून निघत नाही. पुढच्या वेळी स्पर्धा झाली तर जा, बघा. टाळ्या हरणारीलाही वाजवा, ती फार लांबून आलेली असते.

सुमित नागलचं उदाहरण सगळ्यांना माहीत असावं असं मला वाटतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याने जाहीर सांगितलं होतं की त्याच्या खात्यात ९०० युरो आहेत. भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू! तीन-चार महिन्यांनी तो ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीत उतरला, तीन सामने जिंकला आणि १६ जानेवारी २०२४ ला मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत ३१ वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला ६-४, ६-२, ७-६ असं हरवलं. इकडे किंक्रांत होती, गड्डा भरात होता, आणि आमच्या घरी त्या दिवशी दुसऱ्यांदा तिळगूळ वाटला. दुसऱ्या फेरीत पोचल्यामुळे त्याला १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. एका सामन्याने माणसाचं वर्ष मार्गी लागतं, ते असं.

भारतीय खेळाडूंचं पहिल्या फेऱ्यांत काय झालंय?

नागलच्या त्या विजयाआधी ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकिताला हरवणारा शेवटचा भारतीय पुरुष होता रमेश कृष्णन, १९८९ मध्ये. तीही ऑस्ट्रेलियन ओपन, फेरी दुसरी, आणि समोर गतविजेता, जगातला पहिला मॅट्स विलँडर. मधे ३५ वर्षं गेली. त्याच्याही आधी १९७४ च्या यूएस ओपनला विजय अमृतराजने दुसऱ्या फेरीत ब्योर्न बोर्गला पाच सेटमध्ये हरवलं होतं. सानिया मिर्झा २००५ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत पोचली आणि तिथे सेरेनाकडून हरली. त्याच वर्षी यूएस ओपनला चौथ्या फेरीपर्यंत गेली. नागलनेच २०१९ च्या यूएस ओपनला, पहिल्या फेरीत, फेडररकडून पहिला सेट ६-४ घेतला होता.

पण मी सगळ्यात जास्त विचार करते तो प्रजनेश गुणेश्वरनचा. २०१९ मध्ये तो चारही ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये होता आणि चारही वेळा पहिल्या फेरीत हरला. विंबल्डनला समोर मिलोस राओनिच, यूएस ओपनला दानिल मेदवेदेव, जो पुढे फायनलला गेला. लोक म्हणतात, चार वेळा हरला. मी म्हणते, चार वेळा जगातल्या १२८ जणांत बसला. गुडघ्यांच्या दुखण्याने पोळलेल्या माणसासाठी ते किती आहे, हे खेळलेल्यालाच कळेल.

आपल्या जिल्ह्यातलं कोणी?

बार्शीची प्रार्थना ठोंबरे. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत तिने सानियाबरोबर महिला दुहेरीचं कांस्यपदक मिळवलं, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला दोघी एकत्र खेळल्या. तिथे पहिल्या फेरीत चीनच्या जोडीकडून तीन सेटमध्ये हार झाली, तिसरा सेट ५-७. बार्शीतून ऑलिंपिकच्या कोर्टापर्यंत किती अंतर आहे, ते नकाशावर मोजता येत नाही.

सामना किती वेळ चालतो? स्वयंपाक मधे करता येईल का?

महिलांचा तीन सेटचा, साधारण दीड-दोन तास. पुरुषांचा पाच सेटचा, दोन तासांपासून साडेचार-पाचपर्यंत काहीही. दोन भाज्या आणि भाकऱ्या आरामात होतात.

जुन्या नियमात मात्र शेवटच्या सेटला अंत नव्हता. २०१० च्या विंबल्डनच्या पहिल्या फेरीत जॉन इस्नर आणि निकोला माहू ११ तास ५ मिनिटं खेळले, तीन दिवसांत मिळून. कोर्ट नंबर १८. पाचवा सेट ७०-६८. त्या सामन्यात इस्नरने ११३ आणि माहूने १०३ बिनतोड सर्व्हिस मारल्या. मधे धावफलकच ४७-४७ ला बंद पडला. जिंकलेला इस्नर पुढच्या सामन्यात पायही उचलू शकत नव्हता आणि सरळ सेटमध्ये हरला. आता २०२२ पासून चारही स्पर्धांत शेवटच्या सेटमध्ये ६-६ झाले की दहा गुणांचा टायब्रेक, म्हणजे निर्णायक छोटा डाव, खेळतात. खेळाडूंच्या शरीरासाठी हे बरंच झालं. तरी कोर्ट १८ वरच्या त्या दोघांना काळाबाहेर खेळताना बघणं पुन्हा कोणाच्या नशिबी नाही, याची हळहळ मला आहे.

मधेच नवे चेंडू का मागवतात?

मारून मारून चेंडूची लव फुगते, तो जड आणि हळू होतो. म्हणून पहिल्यांदा सात गेमनंतर (एक गेम म्हणजे एकाच्या सर्व्हिसचा छोटा डाव) आणि मग दर नऊ गेमनंतर सगळे चेंडू बदलतात. पहिल्यांदा दोन गेम कमी, कारण सामन्याआधीचा सराव त्याच चेंडूंनी झालेला असतो. नवा चेंडू घेऊन सर्व्हिस करणारा समोरच्याला तो उंचावून दाखवतो. ती सभ्यता बघायला मला फार आवडते.

खेळाडू टॉवेल बॅगेत भरून नेतात, ते चालतं का?

हा प्रश्न सोलापुरात पहिला येतो, आणि यायलाच हवा. टेरी टॉवेलला आपल्याकडे भौगोलिक मानांकन आहे, घराघरात कोणी ना कोणी यंत्रमागाशी जोडलेलं. हो, चालतं, खेळाडू घरच्यांसाठी, मित्रांसाठी टॉवेल नेतात आणि आयोजकांनाही ते ठाऊक असतं. विंबल्डनचा टॉवेल ख्रिस्टी या जुन्या इंग्लिश नावाने निघतो, पण ती कंपनी आता वेलस्पन या भारतीय कंपनीची आहे आणि टॉवेल विणले जातात गुजरातमधल्या वापीत. आमच्या मजल्यावरचे एक काका आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात होते. ते स्कोअर बघत नाहीत, कॅमेरा टॉवेलवर गेला की पुढे सरकून विणीचा अंदाज घेतात.

मेलबर्नच्या उन्हाचं एवढं कौतुक का? आपण तर रोजच भाजतो.

आपण उन्हात सावली धरतो, ते चार तास धावतात. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये २०१९ पासून उष्णतेची एक ते पाच अशी मोजपट्टी आहे. पाचवर गेली की बाहेरच्या कोर्टांवरचा खेळ थांबवतात आणि मोठ्या कोर्टांचं छत लावतात.

पैज लावायची का?

नाही. आमच्या हॉलमध्ये चहाचीसुद्धा नाही. पहिल्या फेरीत हरलेल्या मुलामुलींना सट्ट्यात पैसे गमावलेले लोक फोनवर घाणेरडे निरोप धाडतात, आईवडिलांवरून बोलतात. एकदा हे वाचलं की पैजेची हौस उरत नाही.

मुलगा लंडनला आहे, आम्ही जुलैत जातोय. तिकीट मिळेल का?

पहिला आठवडाच निवडा. विंबल्डनला अजूनही रांगेत उभं राहून त्याच दिवसाचं तिकीट मिळतं. मैदानात फिरण्याचा पास तीसेक पौंडांत येतो, आणि पहिल्या दिवसांत त्यावर बाहेरच्या डझनभर कोर्टांवर अगदी हाताच्या अंतरावरून खेळ दिसतो. दुसऱ्या आठवड्यात बाहेरच्या कोर्टांवर ज्युनियर आणि जुने खेळाडूच जास्त असतात. रांग लांब असते, काही जण तंबू ठोकून आदल्या रात्रीपासून बसतात. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं राहिलेल्या माणसाला ती जड जाणार नाही. पाणी, छत्री आणि शेंगाची चटणी बरोबर ठेवा.

मुलगी टेनिस खेळते, पण प्रत्येक स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरते. काय करू?

हा प्रश्न एका आईने विचारला होता आणि उत्तर देताना माझाच आवाज बदलला.

माझ्या मुलीची बाहेरगावची पहिली स्पर्धा पुण्याला होती. पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस पकडली, डब्यात दह्यात कालवलेली चटणी आणि कडक भाकरी. दुपारी सामना सुरू झाला आणि चाळीस मिनिटांत संपला. दोन गेम मिळाले तिला. मी बॅग उचलली, तर ती म्हणाली, आई, थांब, तिचा पुढचा सामना बघू. जिने हिला हरवलं ती पुढच्या फेरीत आणखी लवकर हरली. माझी मुलगी गप्प बसून बघत होती. परतीच्या गाडीत दौंड गेल्यावर म्हणाली, "ती पण रडत होती गं. मला वाटलं होतं तिला सगळं येतं."

१२८ मुलींच्या ड्रॉमध्ये पहिल्याच फेरीत ६४ जणी हरतात. हे गणित तिला आधीच सांगा, कागदावर काढून दाखवा. हरल्यावर लगेच चुका सांगू नका, आधी जेवू घाला. आणि शक्य असेल तर मैदानातून लगेच निघू नका. पुढची फेरी दोघी मिळून बघा.

एकाच वेळी पंधरा-वीस सामने चालू असतात. नेमका कोणता लावायचा?

मोठं नाव शोधू नका, ते बातम्यांत दिसेलच. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक निघतं, ते उघडा. ज्या नावापुढे क्वालिफायरची खूण आहे आणि समोर पंचवीस ते बत्तीसमधला मानांकित आहे, तो सामना निवडा. कोर्टचा नंबर जितका मोठा तितकं बरं. तिथे प्रेक्षक जवळ असतात, खेळाडूच्या बुटांचा आवाज ऐकू येतो. पहिला सेट क्वालिफायरने घेतला तर चॅनेल बदलू नका. दुसऱ्या सेटमध्ये ४-४ झाले की आमच्याकडे या, बेल वाजवायची गरज नाही, दार उघडंच असतं.